किल्ली कुणाच्या कमरेला?

बँकेच्या भिंतीवर पाटी असते : 'आपला पिन, पासवर्ड कुणालाही सांगू नका.' त्याच पाटीखाली उभं राहून कितीतरी बायका आपलं कार्ड नवऱ्याच्या हातात देतात. पिन त्याला पाठ असतो. पुष्कळदा तो त्यानंच ठरवलेला असतो : स्वतःची जन्मतारीख, नाहीतर मोटारसायकलचा नंबर. पाटीवरच्या 'कुणालाही' या शब्दात नवरा, सासरा, दीर, मुलगा येतात की नाही? पाटी हे स्पष्ट करत नाही. म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न आपणच मांडायला हवा.

बाईच्या नावावर काहीतरी असावं यासाठी आपण किती झगडलो! १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली. २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. २०१४ पासून जनधनची खाती घरोघर उघडली गेली. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे थेट बायकांच्या खात्यावर पडू लागले. कागदावर बाई खातेदार झाली. आता त्याच कागदाची दुसरी बाजू बघू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे ७९ टक्के बायकांचं स्वतः वापरण्याचं बँक खातं आहे. स्वतः वापरण्याचा मोबाइल मात्र सुमारे ५४ टक्के बायकांकडेच आहे. मधल्या बायकांचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. खातं तिचं, सिम त्याचं. पैसे आले हे आधी त्याला कळतं, मग त्याची मर्जी असेल तर तिला.

पूर्वी तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असायचा. तो निदान डोळ्यांना दिसायचा आणि कधीतरी सुनेकडे यायचा. आताची किल्ली म्हणजे चार-सहा आकडे. ती एकदा दुसऱ्याच्या डोक्यात गेली की परत मागून घेता येत नाही. बदलावीच लागते, आणि बदलल्याबरोबर घरात विचारणा होते : "का बदललास? माझ्यापासून काय लपवतेस?"

या प्रश्नाला आपण नेहमी गडबडून उत्तर देतो. खरं तर उलट प्रश्न विचारावा : "तुमचा पिन मला माहीत आहे का?" संसारात लपवाछपवी नको, हा नियम एकाच बाजूला लागू असेल तर त्याला विश्वास म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. आणि बायकांनी कधी काही राखून ठेवलं नाही असं थोडंच आहे? तांदळाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत चार पैसे बाजूला टाकत आपल्या आया-आज्यांनी मुलांच्या फिया भरल्या, आजारपणं निभावली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ते डबे नवऱ्यांपुढे उघडे करावे लागले. डबा गेला, त्याच्या जागी खातं आलं. पण डब्याचं झाकण बाईच्या हातात होतं. खात्याचं झाकण कुणाच्या हातात आहे?

पासवर्ड सांभाळण्याची छोटी यंत्रं जगात बनलेली आहेत. 'मूल्टिपास' नावाचं एक यंत्र २०१३ पासून हौशी इंजिनियरांनी मिळून घडवलं आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. ते तळहातावर मावतं. त्यात एक कार्ड घालायचं, पिन द्यायचा, आणि कॉम्प्युटरला जोडलं की ते कीबोर्डसारखा पासवर्ड स्वतः टाइप करतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. कल्पना चांगलीच आहे. पण हे यंत्र कुणाला भितं? दूर देशी बसलेल्या चोराला, कॉम्प्युटरमधल्या व्हायरसला. या सगळ्या आखणीमागचा माणूस स्वतःचं टेबल, स्वतःचा खण आणि त्या खणाचं कुलूप असलेला आहे. चोर दाराबाहेर, घर सुरक्षित! घर सुरक्षित नाही, हे तर आपण चाळीस-पन्नास वर्षं सांगत आलो आहोत. बाईचा पासवर्ड चोरणारा पुष्कळदा तिच्याच ताटाशेजारी जेवायला बसतो.

म्हणून यंत्र हवंच, पण आपल्या मापाचं. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींनी हे काम अंगावर घ्यावं. त्यांच्यासाठी आपल्या मागण्या अशा :

त्याला सिम नको, ब्लूटूथ नको, वायफाय नको. घड्याळाच्या सेलवर चालावं, ब्लाउजमध्ये मावावं, किंमत साध्या साडीहून कमी असावी.

अक्षरं देवनागरी असावीत. वाचता न येणाऱ्या बाईसाठी चित्रं असावीत : पोपट म्हणजे बँक, घागर म्हणजे गॅसचं खातं, असं तिचं तिनं ठरवावं.

ते बोटाच्या ठशानं उघडणारं नसावं. झोपलेल्या बाईचं बोट धरता येतं, जागीचं मनगट पिरगाळता येतं. डोक्यातला आकडा त्या मानानं सुरक्षित.

आणि म्हणूनच पिन दोन हवेत. एक खरा. दुसरा धाकाचा : मारहाण करून विचारलं तर सांगायचा. त्यानं उघडलं की किरकोळ, खोटीच यादी दिसावी.

पिन पुन्हा पुन्हा चुकला तर आतलं सगळं पुसलं जावं. मात्र कुलूपबंद नक्कल एखाद्या मैत्रिणीकडे किंवा संस्थेत ठेवता यावी. नक्कल तिच्याकडे, पिन आपल्याकडे.

ते दिसावं कसं? घरातल्या दहा वस्तूंत मिसळून जाईल असं. नेमकं रूप गटागटानं ठरवावं, आणि सगळीकडे एकच रूप नसावं. कारण उघड आहे. हे मासिक घरातले पुरुषही वाचतात.

यंत्रानं सगळं सुटेल असं मात्र कुणी मानू नये. ओटीपी त्याच्या सिमवर जात असेल तर सोन्याची पेटी आणली तरी उपयोग नाही. आधी सिम आपल्या नावावर, आपल्या हातात. आणि जिथे बँकेचा प्रतिनिधी दारात येऊन अंगठ्यावर पैसे देतो, तिथे पासवर्डच नसतो. तिथे पैसे हातात पडल्यावर ते कोण काढून घेतं, हाच लढा आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे, तो वापरायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ही हिंसाच आहे, आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. सल्ला केंद्रात आलेल्या बाईकडून आपण स्त्रीधनाची यादी करून घेतो : बांगड्या, मंगळसूत्र, भांडी. त्या यादीखाली आता आणखी एक रकाना हवा. खाती कोणती, नंबर कुणाचा जोडलेला, पासवर्ड कुणाकुणाला माहीत, कोणते आज बदलायचे. घर सोडलेली बाई केंद्रात बसून अर्ज लिहीत असते, तेवढ्या वेळात खातं रिकामं होऊ शकतं.

यंत्र येईपर्यंत हात बांधून बसायला नको. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सांगतात. ब्रूस श्नायर या नावाजलेल्या सुरक्षातज्ज्ञानं २००५ सालीच उलट सल्ला दिला होता : अवघड पासवर्ड ठेवा, लिहून काढा आणि पैशांसारखा जपा. प्रश्न एवढाच की आपला कागद कुठे राहील. तो मैत्रिणीच्या घरी राहू शकतो, त्यातला एखादा शब्द फक्त आपल्या डोक्यात ठेवून. आणि शब्द निवडायला युक्ती आहे. गटाच्या बैठकीत हजार साध्या शब्दांच्या चिठ्ठ्या करा : वांगं, पायरी, सुपारी, आभाळ. प्रत्येकीनं डोळे मिटून पाच उचलाव्यात. दरवेळी चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. असे पाच शब्द एकावर पंधरा शून्यं इतक्या प्रकारांनी येऊ शकतात. मुलाचं नाव आणि लग्नाची तारीख यापुढे काहीच नाही, कारण ती सगळ्या सासरला ठाऊक असते. पिनसाठी शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात.

आणि आपल्या भागातल्या बँकेत गटानं जाऊन दोन मागण्या करा. बाईचं खातं उघडताना तिला एकटीला बसवून विचारा की नंबर कुणाचा जोडायचा. आणि भिंतीवरच्या त्या पाटीत तीन शब्द वाढवा : 'कुणालाही सांगू नका, घरच्या माणसांनाही नाही.' रंग आणि ब्रश आपण घेऊन जाऊ.