शून्य कोठें मांडावें?

आमच्या नागपुरांतील झीरो माइलचा स्तंभ वाचकांस परिचित आहेच. १९०७ सालीं उभारलेल्या ह्या ठिकाणीं जबलपूर, हैदराबाद आदि गांवांचीं अंतरें कोरलीं आहेत. परंतु ज्या स्थळास आपण शून्य म्हणतों, त्याचीच समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट भरते! शून्य हें स्थळाच्या अंगीं नसतें. मोजणारानें तें मानिलेलें असतें.

हें सुचण्याचें कारण, तंत्रशाळेंत जाणाऱ्या मुलांचा नेहमींचा प्रश्न: मिलिंग यंत्रास दोन दोन शून्यें कशाला? संगणकाच्या आज्ञेनें धातु कोरणाऱ्या ह्या यंत्रास मुख्य अक्ष तीन. कटर फिरविणाऱ्या स्पिंडलच्या रेषेंतला तो झेड. त्याशीं व परस्परांशीं काटकोनांत असणारे एक्स आणि वाय. शाळेंत भुज व कोटि म्हणून शिकविलें जातें, तेंच हें. येथें खोलीची भर पडते इतकेंच. कटर कामापासून दूर जाईल ती झेडची धन दिशा. म्हणून तुकड्याच्या माथ्यावर शून्य मानिल्यास ‘उणे ५’ म्हणजे ५ मिलिमीटर आंत.

यंत्राचें स्वतःचें शून्य कर्त्यानें ठरवून दिलेलें असतें. तुकडा मात्र आज येथें, उद्यां तेथें बांधला जातो. म्हणून कारागीर तुकड्याचा एखादा कोपरा शून्य धरितो आणि दोन शून्यांमधील अंतर यंत्रास सांगतो. आमच्या ज्योतिषांनीं हेंच केलें. सूर्यसिद्धान्ताची मूळ रेषा उज्जयिनीवरून जाते. इतर गांवांसाठीं देशांतरसंस्कार द्यावा लागतो. नागपूर उज्जयिनीच्या सुमारें सव्वातीन अंश पूर्वेस. म्हणून येथें सूर्य माथ्यावर सुमारें १३ मिनिटें आधीं येतो.

हा संस्कार चुकला तर पुढील प्रत्येक आंकडा बरोबर असूनही काम वायां जातें. कटर व्हाइसवर आदळून मोडतो, उडालेल्या तुकड्यानें इजाही होऊं शकते. बेरजेची चूक ताळ्यांत सांपडते, आरंभबिंदूची सांपडत नाहीं. म्हणून जाणते कारागीर प्रथम कटर कामाच्या वर, हवेंतच फिरवून पाहतात.

आमच्या घरांतून अद्याप लेखणीच्या कामास मान आणि यंत्रशाळेस दुय्यम स्थान मिळतें. जेथें पंचांगांतील पळांचा फरकही चर्चिला जातो, त्या घरानें तरी मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवणाऱ्या मुलामुलींस कमी लेखूं नये. गुण किती मिळाले हें विचारण्यापूर्वीं, शून्य कोठें मांडलेंस, हें एकदां विचारून पाहावें.