तिसऱ्या मजल्यावरची शेती

2010 साली डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर माझी शेती होती. जिरायती की बागायती, ते सांगता येणार नाही, कारण पाणी लागतच नसे. वीज मात्र लागायची. दिवे गेले की मशागत बंद.

फार्मव्हिल आता बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेलं असेल. झिंगा नावाच्या अमेरिकन कंपनीने ते जून 2009 मध्ये फेसबुकवर आणलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत महिन्याला आठ कोटींवर माणसं त्यात शेती करू लागली. खेळ म्हणावा असं त्यात काही नव्हतं. चौकोनी वाफा नांगरायचा, बी पेरायचं, पीक तयार झालं की काढायचं, की पुन्हा नांगर. मारामारी नाही, शर्यत नाही, कुणी हरत नाही. मेख होती ती पिकांच्या वेळात. स्ट्रॉबेरी चार तासांची, भोपळा आठ, भात बारा. सोयाबीनला एक दिवस, वांग्याला दोन, गव्हाला तीन. हे तास तुमच्या-आमच्या घड्याळातले. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून झोपलात तरी तिकडे शेत वाढतच असे, आणि वेळेत काढलं नाही तर उभं पीक वाळून करडं पडे.

त्यामुळे माझं पीकनियोजन मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेलं होतं. आठच्या फास्टला निघायच्या आधी भात टाकायचा, संध्याकाळी चपला काढता काढता तो काढायचा, जेवणं आटोपली की स्ट्रॉबेरी. दहाला पेरलेली स्ट्रॉबेरी रात्री दोनला तयार होते. पहिल्यांदा गजर झाला तेव्हा सासूबाई धसकून उठल्या, कुणाचं काय झालं म्हणून. मी म्हटलं, "काही नाही, स्ट्रॉबेरी काढायचीय." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग काढ बाई, वाळेल नाहीतर." नवऱ्याने कूस बदलली. त्याचं मत त्याने आधीच दिलेलं होतं, ते इथे छापण्यासारखं नाही.

स्ट्रॉबेरीचं गणित सांगते. वाफा नांगरायला 15 नाणी, बी 10 नाण्यांचं, माल विकला जाई 35ला. म्हणजे वाफ्यामागे निव्वळ नफा 10 नाणी. त्यासाठी झोपमोड! पण नांगरटीला गुण होते, पेरणीला गुण होते, आणि जितकं कमी मुदतीचं पीक तितके हे गुण भराभर साठत, पायरी वर चढे. एका मैत्रिणीने एक युक्ती शिकवली. पडद्यावरचा आपला बाहुला प्रत्येक वाफ्यापर्यंत ठुमकत चालत जाई, त्यात फार वेळ जायचा. तर त्याला मध्यावर उभं करायचं आणि चारी बाजूंनी गवताच्या गठ्ठ्यांत कोंडायचं. चालता येईना की तो जागच्या जागी उभा राही आणि तुम्ही क्लिक कराल तो वाफा तत्क्षणी नांगरला जाई. दोन वेण्या घातलेली माझी बाहुली कित्येक महिने त्या गवताच्या कोठडीत उभी होती. चेहरा कायम हसरा.

पण इतकं सगळं करूनही निव्वळ शेतीसाठी मी दोनला उठले नसते. मला धरून ठेवलं शेजाऱ्यांनी. शेत वाढवायचं तर शेजारी हवेत, नाहीतर खरे पैसे मोजा. आणि खरे पैसे मोजायचा आमच्याकडे रिवाज नाही. म्हणून शेजारी जमवले. शाळेतल्या मैत्रिणी, त्यांच्या जावा, अमेरिकेत एडिसनला राहणारी नणंद, तिची एक गुजराती मैत्रीण, आमच्या जुन्या शाखेतले निवृत्त हेडकॅशियर. कुणी तुमच्या शेतात येऊन खत टाकून जाई, कुणी झाड भेट पाठवी. कुणाच्या तरी शेतात एक काळी मेंढी वाट चुकून आलेली असे आणि तिला कुणीतरी आसरा द्यावा अशी विनंती भिंतीवर झळके. आता हेडकॅशियरसाहेबांनी भल्या पहाटे माझ्या भाताला खत टाकलंय म्हटल्यावर त्यांच्या भोपळ्याकडे न बघता मी झोपू कशी? ज्या माणसाशी नोकरीत कधी 'कसं काय'च्या पुढे बोलणं गेलं नाही, त्याच्या गोठ्यात किती गाई आहेत ते मला तोंडपाठ होतं. न खेळणाऱ्यांना मात्र या मेंढ्यांचा इतका उबग आला होता की 'तुमच्या शेताशी मला काहीही कर्तव्य नाही' अशा अर्थाचा एक गट फेसबुकवरच निघाला. त्यात लाखो लोक होते. माझा सख्खा भाऊही.

याच सुमारास खेळात सहकार आला. शेजाऱ्यांनी मिळून अमुक पीक अमुक इतकं काढायचं, लवकर पुरं झालं तर सुवर्णफीत, मग रौप्य, मग कांस्य. नणंद आपसूक चेअरमन झाली. लग्नातही मानपानाची यादी तिच्याकडेच होती. तिची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, त्यामुळे दोन पाळ्यांत काम चाले. ती जीटॉकवर हजेरी घ्यायची: "वहिनी, तुमची वांगी कुठपर्यंत?" एकमेकींचं पीक काढायची सोय खेळात नव्हती, म्हणून आम्ही थेट पासवर्डच एकमेकींना देऊन टाकले. नणंद-भावजयीच्या नात्यात एवढा विश्वास याआधी कुणी कुणावर टाकला असेल असं मला वाटत नाही. सहकाराला जोडून येणारं बाकीचंही सगळं आलं. एक मैत्रीण प्रत्येक कामात नाव नोंदवायची, पेरायची काही नाही, आणि सुवर्णफीत मिळाली की आपल्या भिंतीवर सगळ्यात आधी तीच लावायची. असा सभासद महाराष्ट्राला नवा नाही. त्याला काढायचं कसं, ते सहकारी कारखान्यांना एवढ्या वर्षांत जमलं नाही, तिथे नणंदेचा काय पाड.

आम्हीच वेडे होतो असंही नाही. बल्गेरियात प्लोवदिव नावाचं शहर आहे. तिथला एक नगरसेवक सभा चालू असताना लॅपटॉपवर गाय पिळताना सापडला आणि मार्च 2010 मध्ये बाकीच्यांनी मतदान करून त्याला समितीवरून काढलं. त्याचा बचाव मला अतिशय आवडला. तो म्हणाला, मी तर 40व्या पायरीवरच आहे, दुसऱ्या एक बाई 46व्या पायरीवर पोहोचल्यात, त्यांना का नाही काढत? त्या वेळी मी 46च्या बरीच पुढे होते, तरी शाखेत मला कुणी काही बोललं नव्हतं. अर्थात शाखेत फेसबुक उघडतच नसे.

त्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तासगावहून काका आमच्याकडे आले. काकांची द्राक्षबाग. खरी. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, उजव्याने ते माझ्या पाठीमागे उभं राहून पडद्याकडे बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक सुरू झालं.

"पाणी कुठनं आणलंस?"

लागत नाही, म्हटलं.

"गडी?"

नाही.

"औषध किती फवारणी?"

रोगच पडत नाही.

"आणि भाव कोण ठरवतंय?"

भाव ठरलेला असतो काका. पस्तीस. कितीही पिकवा, पस्तीसच.

काका खुर्ची ओढून बसले. 1980 साली चाकणला कांद्याच्या भावासाठी शरद जोशींनी रस्ता अडवला त्याच्या आठवणी सांगणारा हा माणूस. कितीही माल आला तरी न पडणारा भाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा, तोही एका डोळ्याने, माझ्या कॉम्प्युटरवर पाहिला. त्यानंतर त्यांना वेण्यांची बाहुली दिसली नाही की गुलाबी गाय दिसली नाही. हेडकॅशियर येऊन खत टाकून गेले ते मात्र बरोबर दिसलं. मी लगेच उलट त्यांच्या शेतात गेले, तेव्हा म्हणाले, "ही तर सावड की गं. आमच्यात आता कोण कुणाच्या रानात जातंय?"

मग त्यांनी एक शहाणपणाचा सल्ला दिला. ही चार तासांची भानगड बंद कर, सगळ्या रानात गहू लाव, तीन दिवस बघू नको, निवांत झोप. शेतकऱ्याला जे पाच मिनिटांत कळलं ते मला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं. मी तो ऐकला मात्र नाही. गव्हाने पायरी चढत नाही.

काका परत जाण्याआधी माझ्या मुलाने त्यांचं खातं काढून दिलं, शेत दिलं, शेजारी म्हणून आम्हा सगळ्यांना जोडलं. तासगावच्या मळ्यात तेव्हा इंटरनेट कुठलं! काका फोनवरून शेती करू लागले. साध्या फोनवरून, माझ्याकडून. ऐन दुपारी, शाखेत काउंटरवर रांग असताना फोन यायचा: "भात झाला असेल बघ. काढलास? गाईचं दूध? त्या कॅशियरच्या रानात खत टाकून ये, परवा त्यानं टाकलं होतं आपल्यात." ऑक्टोबरची छाटणी अंगावर आलेली असताना हा माणूस मला सोयाबीन कुठे पेरायचं ते सांगत होता. माझ्याकडे आता दोन शेतं, एक नणंदेचं पाळीचं, आणि नोकरी.

हे सगळं पुढे केव्हातरी विरत गेलं. एकेक शेजारी येईनासा झाला, मोबाइलवर दुसरे खेळ आले, व्हॉट्सॲप आलं आणि नणंदेला हजेरी घ्यायला नवी जागा मिळाली. फार्मव्हिल ज्या फ्लॅशवर चालत असे ते फ्लॅशच बंद पडलं, आणि 31 डिसेंबर 2020 ला खेळाला टाळं लागलं. ती बातमी नणंदेने सगळ्यात आधी पाठवली, रडक्या चेहऱ्यांसकट. काकांचा मात्र फोन आला. आपलं रान गेलं का, म्हणाले. मी म्हटलं, काका, कूळकायदा काय सांगतो? कसेल त्याची जमीन. नांगरलं मी, पेरलं मी, दूध मी काढलं. त्या हिशेबाने ते रान कधीच माझं झालं होतं.

काका म्हणाले, "उतारा दाखव."