गाडी नेमकी कुणासाठी?

मोटार घेण्याचा विषय निघाला की पूर्वी मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असे, 'किती देते?' आता विजेच्या गाड्या आल्या आणि त्याच प्रश्नाने नवे कपडे घातले, 'एका चार्जमध्ये किती जाते?' मला विचाराल तर हा प्रश्न यादीत तिसरा-चौथा असावा. पहिला प्रश्न असा : ही गाडी रोज चालवणार कोण? आणि दुसरा : मागे बसणार कोण?

हे पटवून देण्यासाठी एक नामी उदाहरण आपल्या दाराशीच आहे. महिंद्रने २०२४ च्या नोव्हेंबरात दोन विजेच्या एसयूव्ही एकाच दिवशी पुढे आणल्या, बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. दोन्ही चाकणला तयार होतात. दोघींचा सांगाडा एकच, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर तेच, २७७५ मिलिमीटर. बॅटरी ५९ किंवा ७९ युनिटांची, तीही दोघींना सारखीच. मोटर मागची चाके फिरवते, तेही दोघींत. म्हणजे काळीज एकच. फरक आहे तो वरच्या शरीराचा आणि किमतीचा. बीई ६ ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १८.९० लाख जाहीर झाली, तर ९ई ची २१.९०. वरचे तीन लाख यंत्राचे नव्हेत, ते प्रामुख्याने जागेचे आणि बैठकीचे. ते कुणी मोजावेत आणि कुणी मोजू नयेत, एवढाच काय तो निर्णय.

बीई ६ ही चालवणाऱ्याची गाडी आहे. चालकाच्या भोवती लढाऊ विमानासारखी चौकट केली आहे. तिची एक पट्टी चालक आणि शेजारचा यांच्यामधून जाते. चालवणाऱ्याला ते सुखावते, पण शेजारी बसलेल्याला आपण पाहुणे आहोत असे वाटत राहते. मागच्या खिडक्या लहान, त्यामुळे उजेड कमी. एकट्याने दोन दवाखाने सांभाळणारा डॉक्टर, नोकरी करणारे तरुण जोडपे, मुले परगावी गेल्यावर हौसेने स्वतः चालवणारे निवृत्त गृहस्थ, यांची ही गाडी. शिवाय तिची लांबी ४३७१ मिलिमीटर, ९ई ची ४७८९. हा सव्वा फुटाहून जास्तीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या गल्लीत उलटी गाडी लावताना तो कळतो.

एक्सईव्ही ९ई ही बसणाऱ्यांची गाडी. डिकी ६६३ लिटरची, बीई ६ ची ४५५. चार माणसांच्या बॅगा, आजीची व्हीलचेअर किंवा गावाहून आणलेले तांदळाचे पोते यांची सोय इथे होते. पुढे एका ओळीत तीन पडदे आहेत, त्यांतला एक चक्क शेजाऱ्यासाठी. मात्र छत दोन्ही गाड्यांचे मागे उतरते आहे. म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता पल्ल्याचे. मोठ्या बॅटरीसह चाचणीतले आकडे ६८२ आणि ६५६ किलोमीटर आहेत. ते चाचणीचे, रस्त्यावर वातानुकूलन, घाट आणि आपला उजवा पाय त्यातून आपापला वाटा उचलतात. हातचे राखून युनिटला सहा किलोमीटर धरले, तरी ७९ युनिटांत पावणेपाचशे किलोमीटर होतात. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत येण्याइतके ते आहेत. ५९ युनिटांत साडेतीनशे. आणि रोजची धाव किती? बहुतेकांची चाळीसच्या आत. म्हणजे सात युनिटे, पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर अडीच तासांचे काम. 'पण गणपतीत कोकणात जायचे असते' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. माझे उत्तर एकच : गाडी वर्षातल्या तीन दिवसांसाठी घेऊ नका, उरलेल्या ३६२ दिवसांसाठी घ्या. तीन दिवस वाटेत चहाला थांबून चार्ज करता येते. सोसायटीत आपल्या जागेवर सॉकेट बसवायला परवानगी मिळत नसेल तर मात्र पल्ला कितीही असो, आधी ते भांडण मिटवा, मग शोरूमची पायरी चढा.

आणखी दोन गोष्टी जाहिरातीत ठळक नसतात. विजेच्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपणहून मंदावते आणि बॅटरी थोडी भरते. घाट उतरताना हे वरदान आहे, पण मागे बसलेल्या आजी-आजोबांना त्या हिसक्यांनी मळमळते. घरची माणसे सोबत असताना तो परिणाम कमीत कमी ठेवावा. दुसरे, या गाड्या मोठ्या बॅटरीसह सात सेकंदांच्या आत शंभराचा वेग गाठतात. घरात नुकताच परवाना मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा असेल, तर हा आकडा कौतुकाचा नसून काळजीचा आहे.

मला खरी खंत वेगळीच वाटते. कित्येक घरांत रोज गाडी चालवते ती गृहिणी किंवा सून. मुलांची शाळा, कचेरी, भाजी, सासूबाईंचा डॉक्टर, सारे तीच करते. शोरूममध्ये मात्र विक्रेता बोलतो तिच्या नवऱ्याशी. आणि नवरा विचारतो, 'किती जाते?' बसण्याची उंची, बॉनेटपलीकडचा रस्ता दिसतो का, मागची काच किती दाखवते, हे प्रश्न जिने विचारायचे तिच्या हाती माहितीपत्रक दिले जाते.

जो रोज चालवतो, निवडीचा अधिकार त्याचा. तो एकटा जात असेल तर बीई ६ घ्यावी आणि वाचलेले तीन लाख बँकेत ठेवावेत. मागची सीट रोज भरत असेल तर ९ई घ्यावी, तीन लाखांची खंत करू नये. पण दोन्हीपैकी कोणतीही घेण्याआधी चाचणीची फेरी त्याने किंवा तिने मारावी, आणि तीही आपल्याच गल्लीत, आपल्याच घरच्यांना मागे बसवून.