मोकळा माणूस

पगारी नोकरी न करितां लेखनावर निर्वाह करणाऱ्या गृहस्थाविषयीं एक समजूत घरोघर रूढ आहे. ती ही कीं, तो नेहमीं मोकळा असतो. नोकरदार मनुष्य सकाळीं उंबरठ्याबाहेर पडला म्हणजे घरकामाच्या हिशेबांतून तो वजा होतो. लेखक मात्र दिवसभर खुर्चीवर डोळ्यांसमोर दिसतो. त्यामुळें गॅसचा सिलिंडर आला, नळ गळूं लागला, पुतण्याची गणिताची वही हरवली, कीं सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य येतें : "ते आहेत ना घरीं, मोकळेच आहेत!"

आमच्या घरीं आम्हांस धरून माणसें आठ, मनी नांवाचें मांजर आणि मोत्या नांवाचा सहा वर्षांचा कुत्रा. थोरले बंधू व वहिनी दोघेंही नोकरीस जातात, सौ. शाळेंत शिकविते. दुपारीं घरीं उरतात मातोश्री, शाळेंतून परतलेलीं तीन मुलें, हीं दोन जनावरें आणि आम्ही.

आमच्या धंद्यांत स्वातंत्र्य आहे, हें खोटें नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें नोकरींत नसलेल्या लेखकाच्या लिखाणाचा हक्क, त्यानें तो लेखी करारानें दुसऱ्यास दिला नसेल तर, त्याचाच राहतो. आणि करारांत मुदत लिहिलेली नसेल तर दिलेला हक्कहि पांच वर्षांनीं परत येतो. परंतु या स्वातंत्र्यास पगारी रजा नाहीं, कीं भविष्यनिर्वाह निधि नाहीं. लेख पोंचल्यावांचून पैसा नाहीं, आणि पोंचल्यावर तो कोणत्या महिन्यांत येईल, तें संपादकांच्या लहरीवर. अशा स्थितींत दुपारचे दोन तास मोडले, तर तें नुकसान आमच्या एकट्याचें नसून घरखर्चाच्या वहीचें असतें.

म्हणून गेल्या श्रावणांत आम्हीं नियम जाहीर केला : दुपारीं तीन ते पांच खोलीचें दार बंद राहील, तें कोणींहि वाजवूं नये. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "अरे, हें घर आहे, कचेरी नव्हे." आम्हीं उत्तर केलें, "आई, कचेरी नाहीं म्हणूनच दार लावायला हवें." हा युक्तिवाद आम्हांस त्या वेळीं अगदीं बिनतोड वाटला.

नियमाचा गुणहि लगेच दिसला. एका मासिकासाठीं हरिभाऊ आपट्यांवरील लेख कित्येक दिवस अडला होता, तो भराभर पुढें सरकूं लागला. हरिभाऊंनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें व त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली, हें वाचकांस ठाऊक आहेच. एकत्र कुटुंबांतील यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते, हा त्या कादंबरीचा विशेष. त्यावरच आम्ही लिहीत होतों.

तिसऱ्या दिवशीं चारच्या सुमारास दार वाजलें. आमची अकरा वर्षांची कन्या बाहेरून म्हणाली, "बाबा, मोत्या सकाळपासून कांहींच खात नाहीं." आम्ही म्हणालों, "पांच वाजल्यावर पाहूं." पांच वाजतां एक परिच्छेद उरला होता, तो संपेपर्यंत मोत्याची गोष्ट मनांतून गेली. दुसऱ्या दिवशीं तिनें नियम पाळला, दार वाजविलें नाहीं. दाराखालून एक चिठ्ठी तेवढी आंत सरकली. आम्हीं ती न वाचतांच खूण म्हणून कादंबरींत घातली.

रात्रीं जेवणानंतर पुस्तक उघडलें, तेव्हां चिठ्ठी हातीं आली. तींत लिहिलें होतें : "मोत्या आजहि जेवला नाहीं. त्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसतात. आजी पण काळजींत आहे." समोर कादंबरीचें नांव होतें. आम्हांस लाज वाटली, याहून अधिक लिहिणें नको.

त्याच रात्रीं मोत्यास पशुवैद्यांकडे नेलें. कुत्र्याच्या शरीराचें तापमान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. मोत्याचें १०४ च्या वर होतें. रक्त तपासतां रक्त गोठविणाऱ्या बिंबिका फार घटलेल्या आढळल्या. निदान झालें गोचीडतापाचें. औषध चार आठवडे द्यावयाचें होतें. आणखी दोन दिवस दवडले असते, तर रक्तस्राव होऊन सर्वच हातचें जातें, असें वैद्यांनीं सांगितलें.

त्यांनीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या, ज्यांच्या घरीं जनावर आहे, त्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. एक, गोचिडीची मादी भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते. म्हणून नुसता कुत्रा धुवून भागत नाहीं, घरहि झाडून स्वच्छ करावें लागतें. दुसरी, कुत्र्याच्या अंगावर लावण्याच्या कित्येक गोचीडनाशक औषधांत पर्मेथ्रिन असतें, तें मांजरास विषासमान. मनी व मोत्या एकाच गोणपाटावर निजतात, हें आमच्या कन्येनेंच वैद्यांना सांगितलें, आम्हांस सुचलें नव्हतें.

मोत्यास स्वयंपाकघराचा उंबरा कधीं ओलांडूं न देणाऱ्या मातोश्री दोन रात्री त्याच्याजवळ बसल्या. चौथ्या दिवशीं सकाळीं त्यानें त्यांच्या हातून चार घांस मऊ भात खाल्ला, आणि घरांत सण झाला. लेख चार दिवस उशिरां गेला. संपादकांनीं तो पुढील अंकीं घेतला. मानधन यावयाचें आहे.

दार अजूनहि तीन ते पांच बंद असतें, कारण त्यावांचून घराचा एक हिस्सा चालत नाहीं. ज्या घरीं असा 'मोकळा' माणूस आहे, त्या घरानें त्यास एवढे दोन तास अवश्य द्यावेत. मात्र आमच्या नियमास आतां एक पोटकलम जोडलें आहे : घरांतील कोणी जीव, दोन पायांचा वा चार पायांचा, आजारी वाटल्यास दार वाजवावें, आणि तें वाजवावें कीं नाहीं, याचा निर्णय आमच्या कन्येनें करावा. आजवर तिनें तें दोनच वेळां वाजविलें. दोन्ही वेळां वाजविणें योग्य होतें.