गांधीलमाशीचं पोळं आणि तोडणीची टोळी

हंगाम सुरू झाला की एखाद्या फडातून बातमी येतेच, टोळीतल्या बाईला गांधीलमाश्यांनी फोडून काढलं, तोड थांबली. मग मालक पाचटाचा चुडा पेटवून पोळं जाळायला निघतो. त्यात कधी उभा ऊसही पेटतो आणि जळिताची कपात पदरात पडते. आमचं मत स्पष्ट आहे. पोळं कुठं आहे हे पाणी देताना मालकानं पाहिलेलं असतं. परगावच्या टोळीला ते कोणी सांगत नाही.

थंड मुलुखात, युरोपात वगैरे, हिवाळ्यात या माशीचा संसार मोडतो. फळलेल्या माद्या तेवढ्या आडोशाला दडतात आणि थंडी सरल्यावर नवी पोळी बांधतात. आपल्या दख्खनी हवेत रोपालिडिया जातीची माशी मात्र बारमाही नांदते. लाकडाचा काथ्या चावून, लाळेत मळून कागदासारखं पोळं करते. म्हणून ऐन तोडणीतही ती हजर! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी या माशीचा कित्येक वर्षं अभ्यास केला. राणी आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच, राणी भांडखोरही नाही, तरी कारभार सुरळीत. आमच्या काही वार्षिक सभांनी हे ऐकण्याजोगं आहे.

पिलांना ती अळ्या चावून भरवते. पानावरची अळी तिला सापडते. खोडकिडीची अळी एकदा पोंग्यात-कांड्यात शिरली की तिचा इलाज चालत नाही. तिथं अंड्यांच्या वेळीच ट्रायकोकार्ड लावायला हवं. तेव्हा तिचे गोडवे गाऊ नयेत, पण बांधावरचं पोळं उगाच जाळूही नये.

फडातल्या पोळ्यासाठी तोडीच्या आदल्या दिवशी मालकानं फेरी मारावी, पोळ्याच्या चार हात अलीकडं फडकं बांधावं, मुकादमाला समक्ष दाखवावं. उतरवायचंच तर अंधार पडल्यावर, जाणत्या माणसाकडून.

मधमाशीसारखी ही काटा टाकून मरत नाही, एकच माशी पुन्हापुन्हा डसते. अंगभर गांधी उठल्या, तोंड सुजलं, धाप लागली, तर चुना लावत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. अशा वेळी सभासदाच्या घरची गाडी निघते. टोळीच्या माणसासाठीही गट कार्यालयानं वाहन द्यावं, अशी आमची संचालक मंडळाकडं मागणी आहे.