युरीन इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून मिळणारं सॅशे: औषध की पूरक आहार?

अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर की मुलुंड, केमिस्टकडे जाऊन ‘युरीन इन्फेक्शन सारखं होतंय, काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा काउंटरवर एक सॅशे येतं. पाण्यात विरघळवून प्यायची ही पावडर. त्यात क्रॅनबेरीचा अर्क आणि डी-मॅनोज नावाची साखर, असे दोन मुख्य घटक असतात. कधी डॉक्टरांनीच ते लिहून दिलेलं असतं. दिसायला औषध, मिळतंही औषधाच्या दुकानात. पण पाकिटावर बारकाईने पाहिलं, तर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापलेलं सापडतं. म्हणजे औषधी वापरासाठी नाही!

हे कसं काय? तर अशी बरीचशी उत्पादनं भारतात औषध म्हणून नव्हे, तर न्यूट्रास्युटिकल किंवा आरोग्यपूरक आहार म्हणून विकली जातात. त्यांच्यावर देखरेख असते एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची. नियमानुसार अशा उत्पादनाला ‘आजार रोखतो’ किंवा ‘बरा करतो’ असा दावा करता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, कारण ते घटक एकत्र देण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. तो प्रश्न औषधांपुरता होता. पूरक आहाराच्या पुड्यांना ही चाळणी लागत नाही.

मग ती पुडी खरंच उपयोगी आहे का?

दोन्ही घटकांचं उत्तर वेगवेगळं आहे. आधी डी-मॅनोज. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमुळे होतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात आणि ते मूत्राशयाच्या आतल्या पेशींवरच्या मॅनोजला पकडून बसतात. बाहेरून मॅनोज दिलं, तर जंतू त्यालाच चिकटतील आणि लघवीवाटे निघून जातील, अशी ही कल्पना. ऐकायला अगदी पटणारी. पण ब्रिटनमध्ये सुमारे ६०० महिलांवर तिची चाचणी झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष आले. सहा महिने रोज २ ग्रॅम डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के महिलांना संसर्गाच्या तक्रारीसाठी पुन्हा डॉक्टर गाठावे लागले. ज्यांना फक्त फळांतली साखर दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ५६ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

क्रॅनबेरीची बाजू थोडी बरी आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये ५० अभ्यासांचा आढावा घेतला. वारंवार संसर्ग होणाऱ्या महिलांमध्ये क्रॅनबेरीमुळे धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे फायदा आहे, पण माफक. शिवाय तो पुन्हा होणारा संसर्ग टाळण्यासाठी आहे, झालेला बरा करण्यासाठी नाही. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर क्रॅनबेरीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

थोडक्यात, पुडीतल्या दोनपैकी एका घटकाच्या मागे बऱ्यापैकी पुरावा आहे आणि पैसे मात्र दोन्हींचे मोजावे लागतात.

डॉक्टरांकडे दुसरं काय आहे?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतात. अशा वेळी काही महिने रोज अँटिबायोटिकचा छोटा डोस देण्याची पद्धत जुनी आहे. को-ट्रायमोक्साझोल हे दोन औषधांचं मिश्रण त्यासाठी बरंच वापरलं गेलं. अडचण अशी की भारतात ई. कोलाय अनेक नेहमीच्या अँटिबायोटिक्सना जुमानेनासा झाला आहे आणि रोजच्या डोसाने ही निगरगट्टता वाढतेच.

त्यामुळे मेथेनामाइन या जुन्या औषधाकडे डॉक्टरांचं पुन्हा लक्ष गेलं आहे. ते अँटिबायोटिक नाही. आम्लयुक्त लघवीत त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि त्याने जंतू मरतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या २४० महिलांच्या चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं कमी पडलं नाही. इथे एक मेख आहे. उन्हाळी लागली की आपल्याकडे सर्रास अल्कलायझरचं सिरप घेतलं जातं. त्याने जळजळ थांबते, पण लघवीची आम्लता जाते आणि मेथेनामाइनचं कामही थांबतं. दोन्ही बाटल्या एकाच घरात, एकाच पेशंटसाठी असू शकतात. म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध, सिरपसुद्धा, डॉक्टरांना सांगायला हवं. रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांसाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम हा उपाय चांगला सिद्ध झालेला आहे, पण संकोचापोटी तो विषय निघतच नाही.

यातलं काहीही सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी महत्त्वाची. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडेल, हे त्यातूनच कळतं. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून तीच गोळी आणणं हा जुगार आहे. ताप, थंडी वाजणं, कंबरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर मात्र पुडी-सिरपात वेळ घालवू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदरपणात तर साध्या जळजळीसाठीही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय?

पाणी. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० महिलांवर वर्षभर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. पुडीला जमलं नाही ते साध्या पाण्याने केलं.

पण बोरिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलने जाणारी बाई हा सल्ला ऐकून काय करणार? तासाभराचा प्रवास, लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्टेशनवरचं वापरण्याजोगं असेलच याची खात्री नाही. म्हणून कितीतरी जणी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली ती याच कारणाने. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का, हा तिचा साधा प्रश्न होता. पुढे २०१५ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं उभारण्याचे आदेश दिले. पाणी पिण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती शौचालयं लिहून देता येत नाहीत, ती महापालिका आणि रेल्वेलाच बांधावी लागतात.