बाई निवडून येत नाही, हा निकाल कोणी लावला?

"अमेरिकेने दोन वेळा बाईला पाडलं. तिथे ही गत, मग आपल्या तालुक्याचं काय घेऊन बसलात?" २०२४ च्या नोव्हेंबरात कमला हॅरिस हरल्या, त्या आठवड्यात आमच्या केंद्रातल्या बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी हे म्हटलं. ताईंनी उभी हयात चळवळीत घालवली आहे. परित्यक्तांचे मोर्चे त्यांनी काढले, दारूची दुकानं बंद पाडली. कोणी विरोधक बोलला असता तर आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. ताई बोलल्या म्हणून सगळ्या गप्प बसलो. मला तेव्हा सुचलं नाही ते आज लिहिते आहे.

प्रथम ‘दोन वेळा पाडलं’ याचा हिशोब मांडू. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा जवळपास २९ लाख मतं जास्त होती. राज्यवार मतदारमंडळाच्या पद्धतीमुळे त्या हरल्या. २०२४ मध्ये जो बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि हॅरिस यांच्या हाती १०७ दिवस उरले. त्यांनी पक्षांतर्गत निवडणूक लढवलेलीच नव्हती. त्यांच्या धोरणांवर, विशेषतः गाझाच्या प्रश्नावर, टीका करण्यासारखं पुष्कळ होतं. पण या दोन पराभवांतून ‘बाई निवडून येत नाही’ असा नियम काढायचा असेल, तर २००० मध्ये अल गोर, २००४ मध्ये जॉन केरी आणि २०१२ मध्ये मिट रॉम्नी हरले त्यावरून ‘पुरुष निवडून येत नाही’ हाही नियम काढावा लागेल. तो कोणी काढत नाही. पुरुष हरला तर तो उमेदवार हरतो, बाई हरली तर बाईची जात हरते!

हा हिशोब आताच करायचं कारण असं, की २०२८ च्या उमेदवारीसाठी अमेरिकेत नावांच्या याद्या २०२५ पासूनच छापून येऊ लागल्या. पहिल्या क्रमांकावर कोण, दहाव्यावर कोण, कोण चढलं, कोण उतरलं. या याद्या निरुपद्रवी करमणूक वाटतात, पण त्या तशा नाहीत. २०२० च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडीत काय घडलं ते पाहिलं की हे ध्यानात येतं.

आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत बंद दाराआड ठरतं. अमेरिकेतही १९६८ पर्यंत बरंचसं तसंच चालायचं. नंतरच्या सुधारणांमुळे पक्षाचा उमेदवार ठरवण्याचा अधिकार मुख्यतः मतदारांकडे गेला. एकेका राज्यात पक्षाच्या मतदारांचं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात आणि डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांखाली राहिलेल्याला सहसा एकही मिळत नाही. कागदावर ही पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी लोकशाहीची आहे. पण पहिलं मत पडण्याआधी वर्षभर दुसरीच निवडणूक चालते, ती जनमत चाचण्यांची आणि देणग्यांची.

२०१९ मध्ये पंचवीसच्या आसपास उमेदवार उभे होते. त्यांत सहा स्त्रिया होत्या: एलिझाबेथ वॉरन, कमला हॅरिस, एमी क्लोबुशार, कर्स्टन गिलिब्रँड, तुलसी गॅबर्ड आणि मॅरिअ‍ॅन विल्यमसन. दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत उभं राहायचं तर पक्षाने अट घातली होती. तिसऱ्या वादसभेसाठी चार चाचण्यांमध्ये २ टक्के पाठिंबा आणि १ लाख ३० हजार देणगीदार हवे होते. आता हे चक्र पाहा. यादीत वर असाल तर बातमी येते. बातमी आली की चाचणीत नाव चढतं. नाव चढलं की देणगी येते, देणगी आली की मंचावर जागा मिळते आणि मंचावर दिसलात की पुन्हा यादीत वर. खाली असणाऱ्यासाठी हेच चक्र उलटं फिरतं. गिलिब्रँड या अटीत बसल्या नाहीत आणि २८ ऑगस्ट २०१९ ला बाहेर पडल्या. हॅरिस यांनी ३ डिसेंबरला पैसे संपल्याचं सांगून माघार घेतली. दोघींच्या नावावर तोवर एकाही मतदाराचं मत पडलेलं नव्हतं. उलट अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग उशिरा उतरले, ते देणग्या घेतच नव्हते, तेव्हा फेब्रुवारी २०२० च्या वादसभेसाठी पक्षाने देणगीदारांची अटच काढून टाकली. नियम कोणासाठी वाकतो हे आपल्याला नवीन नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. या साऱ्या क्रमवारीत एकच माप सर्वांत मोठं होतं: ट्रम्पला कोण हरवू शकेल? म्हणजे निवडून येण्याची क्षमता. आपल्याकडे पुढारी ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात तेच हे. हा उमेदवाराचा गुण आहे असं आपण समजतो, शिक्षणासारखा किंवा अनुभवासारखा. माझं म्हणणं आहे की हा उमेदवाराचा गुण नव्हेच. शेजाऱ्याच्या मनात काय असेल याबद्दल आपण बांधलेला तो अंदाज आहे.

जून २०१९ मधल्या एका चाचणीत डेमोक्रॅटिक आणि अपक्ष मतदारांना विचारलं, स्त्री राष्ट्राध्यक्ष तुम्हाला चालेल का? ७४ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या शेजाऱ्यांना चालेल का? फक्त ३३ टक्के हो म्हणाले. सगळेच एकमेकांचे शेजारी! त्याच महिन्यात दुसऱ्या एका पाहणीत मतदारांना आधी नेहमीसारखं विचारलं, मत कोणाला द्याल? बायडन स्पष्ट आघाडीवर होते. मग विचारलं, जादूची कांडी फिरवून कोणालाही थेट राष्ट्राध्यक्ष करता आलं, जिंकण्याहरण्याची चिंताच नसली, तर कोणाला कराल? तेव्हा वॉरन पुढे गेल्या.

मैत्रिणींनो, यात आपली ओळखीची गोष्ट दिसते की नाही? ‘आमचं काही म्हणणं नाही हो, पण लोक काय म्हणतील?’ मुलीचं शिक्षण थांबवताना, विधवेला हळदीकुंकवाला न बोलावताना, मारणाऱ्या नवऱ्याकडे लेकीला परत धाडताना हेच वाक्य येतं. समुपदेशनाला बसलेलं अख्खं कुटुंब सांगतं की आमचा विरोध नाही, विरोध लोकांचा आहे. ते ‘लोक’ मला या कामात आजवर भेटलेले नाहीत. अमेरिकेच्या मतदाराने हेच वाक्य मतपेटीजवळ नेलं, आणि त्याला व्यवहारज्ञान असं नाव दिलं.

१४ जानेवारी २०२० च्या वादसभेत हा प्रश्न वॉरन यांच्यापुढे उघडपणे आला. त्यांनी हिशोबच मांडला. मंचावरच्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्या आहेत, आणि आजवरची प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या इथे दोघीच आहेत, एमी आणि मी. जिंकण्याची क्षमता जिंकून सिद्ध होत असती तर विषय तिथेच संपला असता. पण ३ मार्चला वॉरन आपल्या स्वतःच्या राज्यातही तिसऱ्या आल्या आणि ५ मार्चला बाहेर पडल्या. त्यांचा आलेख उतरण्याला इतर कारणं होती, आरोग्य विम्याच्या योजनेवरचे प्रश्न होते, ते मी नाकारत नाही. तरी सिद्ध केलेलं यश स्त्रीच्या खात्यावर जमा होत नाही आणि पुरुषाची नुसती शक्यताही जमा होते, हे उरतंच. एक लाख वस्तीच्या शहराचे माजी महापौर पीट बुटिजज यांच्या एवढ्याच अनुभवावर एखादी स्त्री या मंचावर उभी असती का, असा सवाल तेव्हा सेनेटमध्ये तेरावं वर्ष चालू असलेल्या क्लोबुशार यांनी केला होता. त्याला उत्तर आलं नाही.

मग आपण काय करायचं? बाई दिसली की तिच्यामागे उभं राहायचं? अजिबात नाही. तुलसी गॅबर्ड याही त्या सहांतल्याच. त्यांनी २०२२ मध्ये पक्ष सोडला आणि २०२५ मध्ये ट्रम्प सरकारात गुप्तचर विभागाचं प्रमुखपद घेतलं. बाईपण हा जाहीरनामा होत नाही. पारख करायलाच हवी, क्रम लावायलाही हरकत नाही. फक्त मापं आपली असावीत.

पहिलं माप: गरीब बाईच्या शरीरावरचा अधिकार कोणाचा? गर्भपातासाठी केंद्र सरकारचा पैसा जवळजवळ बंद करणारी हाइड दुरुस्ती १९७६ पासून गरीब बायकांचीच अडवणूक करत आली. आघाडीवरचे बायडन तिचे जुने समर्थक होते, टीका झाल्यावर ६ जून २०१९ ला त्यांनी भूमिका बदलली. किती याद्यांनी त्यांचा क्रमांक यासाठी खाली आणला?

दुसरं माप: तक्रार करणाऱ्या बाईशी कसे वागलात? १९९१ मध्ये अनिता हिल यांची साक्ष झाली ती पुरुषांनीच भरलेल्या समितीपुढे, आणि समितीचे अध्यक्ष बायडन होते. १९९४ चा स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा पुढे रेटणारेही तेच. दोन्ही नोंदी धरायला हव्यात. उलट गिलिब्रँड यांनी २०१७ मध्ये स्वपक्षाचे सेनेटर अल फ्रँकन यांचा राजीनामा मागितला, त्याचा राग पक्षातल्या काही मोठ्या देणगीदारांनी त्यांच्यावर काढला. त्यांच्या क्रमांकाला त्याचा फायदा झाला नाही, झाला तर तोटाच.

तिसरं माप: घरकाम आणि मुलं सांभाळणं हा राज्याचा प्रश्न मानता का? वॉरन यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये पाळणाघरांची योजना मांडली. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ७ टक्क्यांहून जास्त खर्च त्यावर होऊ नये, आणि पैसा ५ कोटी डॉलर्सवरच्या संपत्तीच्या करातून यावा. याद्या करणाऱ्यांनी त्यांच्या आवाजाची आणि आवडण्या-नावडण्याची चर्चा केली तेवढी या योजनेची केली असती तर!

चौथं माप आपल्याच बायांना लावायचं, आणि तेच सर्वांत अवघड. हॅरिस सरकारी वकील असताना त्यांनी मुलं सतत शाळा बुडवतात म्हणून पालकांवर खटला भरू देणाऱ्या कायद्याचा पुरस्कार केला. कॅलिफोर्नियात तो २०१० मध्ये झाला, त्यात तुरुंगवासाचीही तरतूद होती. शाळाबाह्य मुलांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, अशा कायद्याचा फास कोणाच्या गळ्यात पडतो? एकट्या, गरीब आईच्या. हॅरिस यांनी २०१९ मध्ये त्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला, तोही नोंदवू. क्लोबुशार हाताखालच्यांना अपमानास्पद वागवतात अशा बातम्या आल्या. पुरुष साहेबाच्या तापटपणाची बातमी होत नाही हे खरं. पण कार्यालयातली कर्मचारीही बाई असू शकते, तेव्हा प्रश्न दोघांनाही विचारायचा, तिला सूट द्यायची नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला दक्षिण कॅरोलिनात काळ्या मतदारांनी, त्यात मोठ्या संख्येने स्त्रियांनी, बायडन यांना भरघोस मतं दिली आणि शर्यत फिरली. गोरे मतदार काय करतील याचा अंदाज त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बांधला होता. ट्रम्प पुन्हा आले तर पहिला घाव आपल्यावर पडेल हे त्या जाणून होत्या. त्यांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार मला नाही. बायडन नोव्हेंबरात जिंकलेही. पण वॉरन हरल्या असत्या, हे त्यावरून सिद्ध होत नाही. जी परीक्षा घेतलीच नाही तिचा निकाल कसा लावणार? ज्यांच्या पूर्वग्रहाला भिऊन आपण मत बदलतो, त्यांनाच आपण न मागता नकाराधिकार देऊन टाकतो, एवढं मला म्हणायचं आहे.

याची जुनी नोंदही आहे. १९७२ मध्ये शर्ली चिझम या काळ्या स्त्रीने डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा जाच आपल्याला जास्त झाला, असं त्या सांगत. स्त्री चळवळीतल्या अनेक पुढारी व्यवहार पाहून जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे गेल्या. चिझम यांना अधिवेशनात १५२ मतं मिळाली. आणि व्यवहाराने निवडलेले मॅकगव्हर्न? ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

आता परत आमच्या बैठकीत. महाराष्ट्राच्या विधानसभेत स्त्रियांचं प्रमाण कधीही दहा टक्क्यांवर गेलेलं नाही. तिकिटाच्या वेळी प्रत्येक पक्ष म्हणतो, बाई चांगली आहे पण निवडून येणार नाही. तीच मंडळी ग्रामपंचायतीचा वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव झाला की रातोरात निवडून येणारी बाई शोधून काढतात! १९९३ च्या घटनादुरुस्तीने मिळालेलं एकतृतीयांश आरक्षण महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्यावर गेलं, तेव्हाही बाया कमी पडल्या नाहीत. विधानसभा आणि लोकसभेतल्या आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेवर टांगून ठेवली गेली. तोवर याच ‘मेरिट’ची मोजपट्टी आपल्याला दाखवली जाणार.

म्हणून ताई, तुमच्याबद्दलचा सगळा आदर ठेवून सांगते. पुढच्या वेळी तिकिटासाठी एखादीचं नाव बैठकीत निघालं, तर ‘ती निवडून येईल का’ हा प्रश्न शेवटी विचारू. आधी विचारू, ती कोणासाठी उभी राहिली आहे, आजवर कोणाच्या बाजूने उभी राहिली, आणि कोणाच्या विरोधात जायला कचरली. या उत्तरांनी ती उतरली तर तिला निवडून आणण्यासाठी घरोघर फिरणं हे आपलं काम आहे. शेजारीण काय म्हणेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिचं दार वाजवून तिला विचारलेलं बरं.